डुलत्या दवाखान्याचे चार पाय

माहेरून येताना मी एक शिलाई मशीन आणलं होतं. सासरी मला एक दाताचा डॉक्टर मिळाला आणि तीन वर्षांनी चार लोखंडी पाय. डॉक्टरांशी जमवून घ्यायला सहा महिने पुरले. पायांनी मात्र दोन वर्षं खाल्ली, शिवाय माझ्या तीन साड्या, हाताची सालं आणि स्वयंपाकघरातला एक पाट.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. कुठल्याशा परदेशी इंजिनियरने कामापुरती आणलेली आणि जाताना इथेच टाकून दिलेली दोन चाकांची एक खोली आमच्या डॉक्टरांना भंगारवाल्याच्या आवारात दिसली. मोटारीच्या मागे जोडून फिरायला न्यायची, तिच्यातच झोपायचं, तिच्यातच चहा करायचा, असली ती चैनीची वस्तू. लोक मुलगी बघून येतात तसे हे ती बघून आले. रात्रभर तिची लांबी-रुंदी सांगत बसले आणि दुसऱ्या दिवशी घेऊनच आले. आतले पलंग काढले आणि तिथे दाताची जुनी खुर्ची, एक बेसिन आणि पायाने चालवायचं ड्रिलचं मशीन बसवलं. धामणकर नाक्यावरचा दवाखाना शुक्रवारी गच्च भरायचा, कारण शुक्रवारी आमच्या शहरातले कापडाचे लूम बंद. रविवारी तिथे माशा. म्हणून रविवारी ट्रॅक्टरच्या मागे ही खोली जोडायची आणि आतल्या गावांत जाऊन दात बघायचे, असा बेत ठरला. मी शाळेत गणित शिकवत असे. रविवारी मात्र मी मदतनीस, कंपाउंडर आणि हमाल.

या गाडीला मधोमध दोन चाकं होती. पुढे ट्रॅक्टरला अडकवायचा दांडा आणि दांड्याखाली एक बारकं चाक. ट्रॅक्टर सोडला की गाडी या तिघांवर उभी राहायची. पण आत कुणी डावीकडून उजवीकडे गेलं की गाडीही त्याच्याबरोबर जायची. तसं होऊ नये म्हणून चारही कोपऱ्यांना खाली एकेक पाय होता. कात्रीसारखा मिटलेला, हँडल फिरवलं की उघडत जमिनीला टेकणारा. हे पाय खाली करणं माझ्याकडे आलं, कारण डॉक्टरांच्या हाताला ग्रीस लागलेलं पेशंटला आवडत नाही. माझ्या हाताला लागलेलं कुणाला आवडतं का, हे कुणी विचारलं नाही. पदर खोचून मी गाडीखाली शिरायची आणि हे खिडकीतून सूचना द्यायचे. उंटावरून शेळ्या हाकणं काय असतं ते मी गाडीखालून पाहिलं आहे.

पाय मुळातच किडकिडीत. भाताच्या खाचरात गाडी उभी केली की अर्ध्या तासात दोन पाय मातीत जायचे आणि दवाखाना डुलायला लागायचा. दाढ काढताना तर विचारू नका. हे ओढायचे तसा पेशंट यांच्याकडे यायचा, गाडी दोघांना घेऊन पलीकडे झुकायची आणि दाढ जागच्या जागी. बाहेर बांधावर बसलेल्या मंडळींची त्यात छान करमणूक व्हायची. गाडी किती डुलते त्यावरून आत पुढचा दात आहे की अक्कलदाढ, हे ती अचूक सांगायची.

डॉक्टर म्हणत, जमीन वाईट आहे. मी मनात म्हणे, नाचता येईना अंगण वाकडे. पण उपाय मलाच करायचे होते. आटे गंजून घट्ट झाले तेव्हा रॉकेल ओतून, ग्रीस भरून सोडवले. पाय रुतू नयेत म्हणून खाली चपटे दगड ठेवले, ते फुटले. मग घरातला पाट नेला. तो छान टिकला, पण त्याच आठवड्यात सासूबाईंकडे हळदीकुंकू होतं आणि जोडीतला एक पाट कुठे गेला म्हणून घरभर शोध झाला. मीही सगळ्यांबरोबर मनापासून शोधला.

ट्रॅक्टर ज्यांचा होता त्यांचं गाव आत, दोन ओढे ओलांडून. त्यांच्या आत्याबाई त्या भागातल्या धवलारीण होत्या. आमच्याकडच्या शेतकरी घरांत लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. हळदीपासून पाठवणीपर्यंत देवांना, पितरांना, गावाच्या वेशीला आवतण देत धवले म्हणायचे ते तिने. त्यांतला एक शब्द कुठे लिहिलेला नसतो. आत्याबाईंनी तीन पिढ्यांची लग्नं लावली होती. आणि आता तोंडात एकही दात नव्हता. शेवटचे चार आमच्याच डॉक्टरांनी, आमच्याच डुलत्या गाडीत काढलेले. दोन हंगाम त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. लोक पलीकडच्या गावातली एक तरणी धवलारीण आणायला लागले होते.

आत्याबाई खुर्चीत बसल्या आणि हिशेबाचं बोलल्या.

"मना खायाला दात नको. भात मी हिरड्यांनी पन खातंय. वैशाखात भाच्याच्या पोरीचं लगीन हाय. माझ्या घरच्या पोरीला दुसरीनं धवले म्हनले, तर मंग मना कोन बोलवनार न्हाय."

कवळी करायची म्हणजे आधी हिरड्यांचा साचा, मग मेणाच्या पट्ट्या तोंडात ठेवून चाव्याचं माप. वरचा जबडा खालच्यावर नेमका कुठे बसतो ते त्या मेणात उमटतं. त्या क्षणी पेशंट हलला की कवळी जन्मभर वाकडी. डॉक्टरांनी हे मला चारदा समजावलं आणि म्हणाले, आज पाय नीट लाव.

पौषातला दिवस होता. मी तीन पाय लावले. चौथ्या पायाकडे गेले तर त्याच्या शेजारीच बोरीचं झाड आणि झाडाखाली गावातल्या तीन बायका. बोरं पिकलेली होती. एकीची सून माहेरी निघून गेली होती, आणि का गेली ते सांगणं नेमकं रंगात आलं होतं. हँडल मी झाडाला टेकवून ठेवलं. आत मेणात चावा घेणं चाललं होतं आणि बाहेर मी ओंजळभर बोरं खात सुनेची बाजू घेत होते. इतक्यात गाडी मागच्या डाव्या अंगाला खसकन बसली. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "काही नाही, काही नाही, जमीन दबली."

मी धावत जाऊन चौथा पाय लावला. मग बोरांच्या बिया पायाने मातीत ढकलल्या.

महिन्याभराने कवळी तयार होऊन आली. आत्याबाईंनी ती तोंडात घातली, मांडी घालून बसल्या आणि धवल्याची पहिली ओळ म्हटली. प्रत्येक शब्दाला तोंडातून ठकठक. शहरातल्या नारपोलीत लूमच्या गल्लीतून चालल्यासारखं वाटलं. दुसऱ्या ओळीला वरची कवळी निसटून खालच्या ओठावर आली. भोवतीची पोरंटोरं हसली, मग आत्याबाईही हसल्या. कवळी पदराला पुसून त्यांनी डॉक्टरांच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, तुमची गारी हालली डाक्टर, माझं थोबाड न्हाय हाललं. पण जाताना त्यांनी ट्रॅक्टरवाल्या भाच्याकडे पाहिलं ते मला दिसलं. भाचा मान खाली घालून उभा होता. त्याने आदल्याच दिवशी पलीकडच्या धवलारणीला निरोप पाठवला होता, नुसता खबरदारी म्हणून.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. डॉक्टर पायांना शिव्या देत होते आणि मी त्यांना पोळी वाढत होते. चोराच्या मनात चांदणे म्हणतात, माझ्या मनात तर पूर्ण पौर्णिमा होती. सांगून टाकावं असं तीनदा तोंडावर आलं. तिन्ही वेळा मी त्यांना लोणचं वाढलं.

पाय बदलायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त उत्साह माझा. आमचे डॉक्टर थक्क झाले. नारपोलीत लूमची दुरुस्ती करणारे एक फिटर होते, उत्तरेकडचे, उमर पन्नाशीची. त्यांची पत्नी आमची पेशंट. गाडी त्यांच्या शेडसमोर नेऊन उभी केली. त्यांनी खाली डोकावून जुने किडकिडीत पाय पाहिले आणि नुसते हसले. जुन्या लूमच्या भंगारातून जाड आट्यांचे चार रॉड काढले, प्रत्येकाखाली तव्याएवढी लोखंडी चकती वेल्ड केली, म्हणजे पाय मातीत जाणार नाही. वर हाताच्या जाडीचा मोठा नट. दोन दिवस मी शाळा सुटल्यावर तिथे जाऊन बसत होते. आट्यांना कुठे ग्रीस लावायचं, कुठे नाही, नट फिरेना तर उलटा अर्धा फेरा कसा द्यायचा, हे सगळं त्यांनी शिकवलं. मी गणिताच्या वहीत ते लिहून घेत होते, म्हणून मला ते फार मानायचे.

परीक्षा घ्यायला त्यांनी गाडीत पाण्याचा ग्लास ठेवला आणि चारही पाय आवळले. पाणी थरथरतच होतं. अजून आवळले. पाणी थरथरतंच. मी हिरमुसले. फिटरनी शांतपणे ग्लास उचलला आणि शेडच्या ओट्यावर ठेवला. तिथेही पाणी थरथरत होतं. भोवती शे-दीडशे लूम चालू होते, सगळी नारपोलीच थरथरत होती. आम्हाला त्याची इतकी सवय की लक्षातच आलं नव्हतं.

निघताना त्यांनी मला एकच गोष्ट बजावली. "मास्टरनी जी, लूम का पाँव ढीला तो कपड़ा खोटा। जितना कस सको, उतना कसो।"

मी ते ब्रह्मवाक्य मानलं.

माघातला रविवार. दुसऱ्यांदा चावा घ्यायचा होता. मी पहाटेच निघायला लावलं, बोरीच्या झाडापासून लांब, खळ्याच्या कडेला गाडी उभी केली आणि पाय आवळायला घेतले. इतके आवळले की एक चाक जमिनीवरून चार बोटं उचललं गेलं. अजून दोन फेरे दिले. आत ग्लासातलं पाणी देवळातल्या समईसारखं निश्चल. डॉक्टरांनी खुर्चीवर उड्या मारून पाहिल्या, गाडी ढिम्म हलली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी चारचौघांत मला शाबासकी दिली. मी आत गेले, दार ओढून घेतलं. ते जरा कुरकुरलं, मी हिसका देऊन लावलं.

आत्याबाईंच्या तोंडात मेण गेलं. डॉक्टर म्हणाले, घट्ट चावून धरा, मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही, आता थंड पाणी लागेल. पाण्याची बादली बाहेर राहिली होती. मी दार उघडायला गेले. दार उघडेना.

मी ढकललं, डॉक्टरांनी ढकललं, दोघांनी मिळून ढकललं. दार चौकटीत पक्कं चिणलेलं. मग मला समजलं. चारही कोपऱ्यांतून उचलून उचलून मी अख्खी गाडीच पिळली होती, ओला पंचा पिळतात तशी. खिडकी माणूस जाण्याएवढी नव्हती. आम्ही तिघं आत, पाय बाहेर आणि हँडलही बाहेर.

डॉक्टर म्हणाले, या गावची जमीनच वाईट, मागच्या वेळीही हिनेच घात केला. आणि मला ते सहन होईना. दार बंद, पळायला जागा नाही, समोर आत्याबाई तोंड मिटून बसलेल्या. मी सांगून टाकलं. म्हटलं, मागच्या वेळी जमीन नव्हती हो, मी होते. चौथा पाय मी लावलाच नव्हता, बोरं खात होते.

यांनी दारावरचा हात काढला. मग म्हणाले, "हे आत्ता सांगतेस? दार बंद असताना?"

तेवढ्यात खुर्चीवरून हुं हुं असा आवाज आला. आत्याबाईंचे खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं. पण त्या हसत होत्या. दोन्ही हातांनी स्वतःचा जबडा दाबून धरून हसत होत्या. डॉक्टर ओरडले, हसू नका, चावा हलेल! मग त्यांनी पण आत्याबाईंचा जबडा धरला. चार हात एका जबड्यावर आणि माझा चेहरा खिडकीला, असे आम्ही मेण गार होईपर्यंत उभे होतो.

मेण काढलं तेव्हा चावा चोख उतरला होता. आत्याबाईंनी आधी पोटभर हसून घेतलं. मग खिडकीतून खाली पाहिलं आणि मला विचारलं, चूल किती दगरांची मांडता तुमी?

"तीन दगरांवर कसलं पन भांडं डुलत न्हाय बाय. चवथा दगर नुसता टेकाया असतो. तू त्याच्यावर भांडं उचललंस."

एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं, हे मी नववीच्या वर्गाला दर वर्षी फळ्यावर काढून दाखवत होते. दोन चाकं आणि पुढचं बारकं चाक, वजन पेलायचं ते या तिघांनी. चार पाय गाडी उचलायला नव्हतेच, नुसता हात लावून उभे राहायला होते. कान धरावेत असं वाटलं, पण आधी दार उघडायचं होतं.

खिडकीतून मी ट्रॅक्टरवाल्या भाच्याला हाक मारली आणि सांगितलं, सगळे पाय थोडे थोडे सोडा. तो घाबरलेला. त्याने दाराजवळचाच एक पाय धरला आणि पुरता सोडला. गाडीने एक गचका खाल्ला, दार फाडकन उघडलं, आणि दाराला खांदा लावून उभे असलेले आमचे डॉक्टर सरळ खळ्याच्या कडेला रचलेल्या शेणींवर जाऊन बसले. मेणाचा चावा तेवढा त्यांनी उंच धरला होता. त्याला काही झालं नाही. तेव्हापासून आधी चाकांवर गाडी समतल करायची आणि मग पाय नुसते टेकेपर्यंत फिरवायचे, असा आमचा नियम झाला. नारपोलीच्या फिटरना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी खूप विचार केला आणि म्हणाले, तो फिर ये लूम नहीं है.

नवी कवळी चैत्रात बसली. ठकठक नाही, निसटणं नाही. भाचा म्हणाला, आता तुम्हीच म्हणा आत्या. पण पलीकडच्या धवलारणीला दिलेला निरोप काही त्याने मागे घेतला नाही.

लग्नाला आम्हाला बोलावणं होतं. फिटरही शिफ्ट बदलून, कडक इस्त्रीचा कुर्ता घालून आले. रविवार असल्याने गाडी बरोबर आणलेली, खळ्यावर नुसती सोडून ठेवली, पाय वर उचललेले. मांडवात आत्याबाई आदल्या संध्याकाळपासून म्हणत होत्या. आवाज थोडा जाड झालेला, पण शब्द असा स्वच्छ की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलवल्या. पलीकडची धवलारीण एका बाजूला गप्प बसलेली. तिला बोलावून तसंच ठेवलं होतं, जेवायलाही कुणी नीट म्हटलं नव्हतं. आमचे डॉक्टर मांडवाच्या खांबाला टेकून ठकठक ऐकू येते का ते ऐकत होते. ती येत नव्हती, म्हणून त्यांचा चेहरा इतका आनंदी झाला की मी त्यांच्याकडे बघणं टाळलं, नाहीतर रडले असते.

लग्न लागलं, जेवणं झाली. पाठवणीचे धवले राहिले होते. तेव्हा आत्याबाई माझ्याजवळ आल्या, मला मांडवाच्या मागे नेलं आणि तोंड उघडलं. खालची हिरडी एका जागी सोलून लाल झाली होती, कवळीच्या कडेला रक्त. नवी कवळी एखाद्या ठिकाणी टोचते, थोडी घासावी लागते, हे आम्ही त्यांना सांगितलं होतं. दुखलं की लगेच काढून ठेवा आणि या, असंही सांगितलं होतं. मी चिडलेच. म्हटलं, कालपासून टोचतंय आणि बोलला नाहीत?

"बोलले असते तर डाक्टरांनी काढून घेतले असते," त्या म्हणाल्या. "मंग मांडवात कोन बसली होती ती पायलीस ना?"

डॉक्टरांना बोलावलं. गाडी उघडली, आत्याबाई आपणच चढून खुर्चीत बसल्या. मी हँडल घेऊन पहिल्या कोपऱ्याशी गेले. चारही पाय खाली करून चकत्या बसवायला पंधरा मिनिटं लागत. तिकडे नवऱ्याकडची मंडळी उठली होती, टेम्पो चालू झाला होता. आत्याबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून मला थांबवलं. राहू दे बाय, म्हणाल्या, हालली तर हालू दे, पोर निघाली.

पाय न लावता आमच्या डॉक्टरांनी त्या गाडीत कधी कापूसही धरला नव्हता. पण त्यांनी कवळी हातात घेतली आणि ड्रिलच्या पावटीवर पाय मारायला सुरुवात केली. प्रत्येक पायासरशी गाडी डुलायला लागली. मी हँडल टाकलं आणि कोपऱ्याला पाठ लावून उभी राहिले. ते पाहून मुलीचा बाप, म्हणजे ट्रॅक्टरवाला भाचा, फेट्यासकट पुढच्या कोपऱ्याला जाऊन चिकटला. फिटरनी इस्त्रीच्या कुर्त्याची पर्वा न करता तिसरा कोपरा धरला. गाडी तरी चौथ्या अंगाला झुकतच होती. आत घासण्याचा आवाज, मग शांतता, मग कवळी तोंडात घालून पाहणं, पुन्हा घासणं.

तेवढ्यात मांडवातून पलीकडची धवलारीण बाहेर आली. पाठवणीला उशीर होतोय, तिनेच सुरुवात करावी असं कुणीतरी तिला म्हणालं असणार. ती आमच्याकडे बघत क्षणभर थांबली, खिडकीतून दिसणाऱ्या आत्याबाईंच्या डोक्याकडे तिने पाहिलं. मग नव्या लुगड्याचा पदर खोचून ती चौथ्या कोपऱ्याला आली आणि पाठ लावून घट्ट उभी राहिली.